करपलेला लसूण

बाबा तपासणीसाठी दवाखान्यात गेले आणि त्यांची पाठ वळताच तिने मागच्या खोलीतला फ्रीझर रिकामा करायला घेतला.

यात चोरून करण्यासारखं काही नाही, असं तिने स्वतःला बजावलं. गल्लीच्या केंद्राने मोहीमच काढली होती: जुना द्या, कमी विजेचा न्या. केंद्र म्हणजे एके काळचं गोदाम. आता त्याच्या मागे भाजीचे वाफे होते, एका कोपऱ्यात भंगार वेगळं करायची जागा आणि मधोमध सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. घरोघर जाऊन कोणतं यंत्र किती वीज ओढतं ते बघणाऱ्या बाईला सगळे मीटरवालीच म्हणत. तिने फ्रीझरला आपलं यंत्र लावलं आणि डोळे विस्फारले. "अगं, हा फ्रीझर आहे की मुक्कामाला आलेला जावई? नुसता खातोय!"

बाबांना विचारलं असतं तर ते "राहू दे" म्हणाले असते. आई गेल्यापासून ते सगळ्यालाच राहू दे म्हणत. आईच्या चपला राहू दे. चष्मा राहू दे. कान तुटलेला कप राहू दे. रोज जेवण झालं की मागच्या खोलीत जायचे, फ्रीझरचं झाकण उघडून नुसते उभे राहायचे. कशाला आलो हे विसरले असतील, असं वाटून ती म्हणायची, "बाबा, उगाच उघडं ठेवू नका, वीज जाते." ते निमूटपणे झाकण लावायचे.

आत आइस्क्रीमचे जुने डबे होते, निळ्या झाकणांचे, एकावर एक रचलेले. कशावर काही लिहिलेलं नाही. एकाचं झाकण तिने ओढून काढलं. आत तपकिरी बर्फाचा गोळा. बाबा उरलंसुरलंही साठवायला लागले की काय! तिने सगळे डबे टोपलीत भरले आणि केंद्रावर नेले. तिथला नियम साधा होता. खाण्यासारखं काही टाकायचं नाही. गोठवलेलं आलं तर सगळं एकाच पातेल्यात ओतायचं आणि त्याच दुपारी संपवायचं.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कॅप्टन म्हणत. त्यांनी डब्याला नाक लावलं.

"वास झकास आहे. बाबांनी केलंय?"

"बाबांना चहासुद्धा जमत नाही."

"मग विकतचं असेल," म्हणत कॅप्टननी डबे गरम पाण्यात बुडवले. ती तिथून भंगाराच्या कोपऱ्याकडे वळली. फ्रीझर तोवर येऊन पोचला होता. मेकॅनिकने त्याचं झाकण उखडलं होतं आणि तो आतल्या नळ्या कापत होता.

दुपारी लांब टेबलाशी सगळे दाटीवाटीने बसले. वाफ्यातला कोवळा पाला, पाव आणि वाडग्यात गरम घेवड्याचं सूप. तिने पहिला चमचा तोंडात घातला.

लसूण करपलेला होता.

चमचा तोंडातच राहिला. चुकून करपलेला लसूण नव्हता तो; पार काळा होण्याच्या एक श्वास आधी उतरवलेला, मुद्दाम. "जरा चटका बसल्याशिवाय लसणाला अक्कल येत नाही," असं म्हणणारी एकच बाई तिला ठाऊक होती, आणि तिला जाऊन चार महिने झाले होते.

मग एकेक गोष्ट लख्ख आठवायला लागली. शेवटच्या दिवसांत आई ओट्याशी स्टूल घेऊन बसायची. ती स्वतः तेव्हा दुसऱ्या गावी राहायची; फोनवर पातेल्याचा आवाज यायचा आणि ती तिकडून ओरडायची, "झेपत नाही तर एवढं कुणासाठी करतेस?"

"ठेवतेय गं," आई म्हणायची. एवढंच.

"काय हात आहे!" पलीकडून मीटरवाली म्हणाली. "पाव द्या इकडे, वाडगा पुसून घेते." समोरच्या आजोबांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. ती बघत राहिली. ओरडावं, सगळ्यांच्या पुढ्यातले वाडगे ओढून घ्यावेत असं वाटलं. इतकी माणसं आईला संपवत होती, आणि आणून तिनेच दिलं होतं.

तेवढ्यात दारात बाबा दिसले. हातात दवाखान्याची पिशवी. घरी कुलूप बघून इकडे आले असणार. त्यांची नजर मोरीकडे गेली. तिथे निळी झाकणं धुऊन ओळीने निथळत ठेवली होती. मग भंगाराच्या कोपऱ्याकडे गेली.

ती उठून त्यांच्याजवळ गेली. "बाबा, मला माहीत नव्हतं..."

"सगळे?"

तिने होकाराची मान हलवली.

"एकही उघडला नव्हता मी," ते हळूच म्हणाले. "उघडला की कमी होणार."

आवाज चढला असता तर बरं झालं असतं. ते कॅप्टनकडे गेले आणि वाडगा पुढे करून पाहुण्यासारखे उभे राहिले. "उरलंय का थोडं?"

"या की! खरवडून देते." पातेलं तिरपं करून कॅप्टननी जेमतेम अर्धा वाडगा भरला.

"एक डबा द्या. घरी नेतो." हे बोलून ते स्वतःच थांबले. घरी नेऊन ठेवणार कशात? भंगाराच्या कोपऱ्यात नळी कापल्याचा आवाज झाला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

ते टेबलाशी बसले. तीही शेजारी बसली. त्यांनी एक चमचा खाल्ला, वाडगा तिच्याकडे सरकवला, तिने एक खाल्ला आणि परत सरकवला. असं करता करता तळ दिसायला लागला. तेव्हा बाबा, आयुष्यभर रोज जेवताना म्हणायचे तेच, त्याच कुरकुरीच्या सुरात म्हणाले, "लसूण करपलाय."

आणि आई द्यायची त्या उत्तरासाठी थांबले.

"करपलाय म्हणे!" पातेलं घासता घासता काही ठाऊक नसलेल्या कॅप्टन मोरीतून ओरडल्या. "आयतं मिळतंय ना? मुकाट्याने खा."

बाबांनी झटकन मान वर केली. मग खाली घातली आणि मुकाट्याने शेवटचा चमचा खाल्ला.