एकाच व्यक्तीने केलेली मोजणी

...ऋचाच्या गाऊनच्या गळ्याआडून थर्मामीटरची करडी चौकट तेवढी दिसत होती, इवलीशी, आणि तिच्यातले आकडे कधीचे चढायचे थांबले होते – नव्याण्णव पॉइंट चार, नव्याण्णव पॉइंट चार – पण वाजल्याशिवाय काढायचं नाही हे शुभदाचं ठरलेलं, म्हणून ती पलंगाच्या कडेला टेकून नेटाने वाट बघत होती आणि लेक तिच्याकडे बघत होती.

"आई, काढ ना. दोनदा वाजून गेलं."

"कुठे वाजलं? सेल उतरला असणार."

"अगं, चांगलं टीं टीं करतंय. आत्तासुद्धा."

शुभदाने ते काढून कानाशी धरलं. काही नाही. ऋचा हसली, मग हसता हसता थांबली, आणि तिने आईकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर शुभदाला अजिबात आवडली नाही. येताना नवा सेल आणते, एवढं बोलून ती उठली, बूट घातले, छत्री घेतली, आणि वराळ्याच्या त्या सोसायटीतून गाडी बाहेर काढेपर्यंत तिने तो विषय डोक्यातून झटकूनही टाकला. आज थर्मामीटरचे लाड करायला वेळ नव्हता. आज चार वाजता टिचकीची पाळी होती.

टिचकी म्हणजे बेडूक, अंगठ्याच्या नखाएवढा. शास्त्रीय नाव लांबलचक, पण शुभदाने त्याला टिचकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. कारण नर झुडपात बसून अगदी बारीक, तारेसारखा आवाज काढतो – टिक्, टिक्. डबक्याशी त्याचं घेणंदेणं नाही. ओल्या पाचोळ्यात अंडी घालायची आणि त्यातून थेट तांदळाएवढी बेडकंच बाहेर यायची, असा सगळा सुटसुटीत कारभार. तिकोणा पेठेच्या मागच्या डोंगरात जी सदाहरित राई शिल्लक आहे तिथे तो राहतो, आणि तळेगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शुभदा गायकवाड गेली नऊ वर्षं दर पावसाळ्यात तिथे जाऊन आवाजावरून तो मोजतात. सेहेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, मग अडतीस... तीस... बावीस... पंधरा... गेल्या वर्षी नऊ. कुठला प्राणी किती धोक्यात आहे हे ठरवणारी अभ्यासकांची समिती आज ऑनलाइन बसणार होती, आणि टिचकीला 'संकटग्रस्त' ठरवावं हा प्रस्ताव शुभदाचा होता. भरून दिलेल्या तक्त्यात तिने अभिमानाने एक वाक्य घातलं होतं: सर्व मोजणी एकाच व्यक्तीने, त्याच सात जागी, त्याच पद्धतीने केली आहे. मोजणारा माणूस बदलला की आकडा बदलतो, म्हणून विद्यार्थ्यांनासुद्धा तिने बटन दाबून मोजायचा काउंटर कधी हातात दिला नाही.

यंदाची मोजणी तेवढी राहिली होती. चारच्या आत ती उरकायची, नववा आकडा हातात घेऊनच बोलायचं. कितीचा असेल? पाच? तीन? कामशेत मागे पडलं, पवनेचं पाणी धुक्यात असून नसल्यासारखं, आणि दरवर्षीसारखा गाडीचा वेग आपोआप कमी झाला – एखाद्या आजारी माणसाला भेटायला जाताना पावलं जड होतात तसा. पाच वर्षं ती असंच जात होती. घरी येऊन जेवत नसे. मी एका जातीचं मरण लिहून काढते आहे, असं तिने एकदा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं आणि मग लाज वाटून खोडलं होतं.

राईच्या तोंडाशी शालनमावशी इरलं पांघरून उभी होती. म्हशी वळून झाल्या की ती बाईंबरोबर राईत बसायची, पहिल्या वर्षापासून. बोलायची नाही, कारण बाईंना बोललेलं चालत नसे. भर दुपारचे बारा, पण धुकं असं की संध्याकाळ समजून टिचक्या दिवसाही बोलतात. पहिली जागा. दहा मिनिटं. पानांवरून ठिबकणारं पाणी, लांब कुठेतरी ओढा... एक. बस्स, एक. दुसरी जागा – काहीच नाही. तिसऱ्या जागी एकेकाळी नऊ असायचे. शुभदा डोळे मिटून उभी राहिली, सगळं अंग कान करून, आणि दहा मिनिटांनी तिने वहीत शून्य काढलं तेव्हा तो आकडा पावसाने नव्हे, डोळ्यांतल्या पाण्यानेच पुसट झाला.

"बाई," शालनमावशी म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती राईत बोलली. "येक इचारू का? तुमी कंचं कंचं धरता वो?"

"म्हंजे?"

"न्हाई, पयल्यानं तुमी समदी धरायचा. आता येवढी वराडत्यात तरी तुमी बटन दाबत न्हाई. मला वाटलं, ल्हान धरायची न्हाईत आसा कायतरी नेम आसल सरकारचा."

शुभदा तिच्याकडे वळली. "किती ओरडतायत?"

"लय हायेत की. ह्या बाजूला तीन, त्या करवंदीत..." मावशीने हात केला आणि संकोचून खाली घेतला. "तुमी शिकल्याल्या. म्या कशाला मदी बोलू?"

...कुठे वाजलं? सेल उतरला असणार. माणसं हल्ली पुटपुटायला लागली आहेत. कुणाचं वाक्य हे – आबांचं, वडिलांचं. देहूरोडच्या डेपोत तीस वर्षं माल तपासणारे आबा, मोजल्याशिवाय कागदावर सही न करणारे, म्हातारपणी घरातल्या प्रत्येकावर चिडायचे: तोंड उघडून बोलत जा, आमच्या वेळी माणसं खणखणीत बोलायची. रेडिओ बिघडला म्हणून त्यांनी तीन वेळा बदलला. आई कंटाळून गप्प झाली आणि मग तर त्यांची खात्रीच पटली की घर मुकं होत चाललंय. आणि मी – कॉलेजातून आलेली, चार पुस्तकं शिकलेली मुलगी – त्यांच्याकडे तशाच नजरेने पाहायची, जशी आज सकाळी ऋचाने... म्हणजे जंगल नाही. जंगल गप्प झालेलं नाही. वय वाढलं की आवाज जितका बारीक तितका तो कानातून आधी जातो, हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते, दरवर्षी, आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात.

पण मावशी भोळी, तिला बाईंना बरं वाटावं असंही वाटत असेल. मोजल्याशिवाय सही नाही. शुभदाने फोन काढला. पक्ष्यांसाठी म्हणून कॉलेजातल्या मुलांनी कधीतरी एक अ‍ॅप टाकून दिलं होतं, आवाजाच्या रेघा काढणारं. टिचकीसाठी ते वापरावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण स्वतःचा कान असताना यंत्र कशाला, हा तिचा तोरा. तिने ते चालू करून करवंदीकडे धरलं. खाली पाण्याची धूसर पट्टी, आणि वर, तिच्या कानाला जिथे काही म्हणजे काही नव्हतं तिथे, उभ्या बारीक रेघा येऊ लागल्या – एक, दोन, मग जोडीने, मग इतक्या दाट की पडदा भरून गेला. ती तिथेच पाचोळ्यात बसली. शालनमावशी घाबरून वाकली तर बाई हसत होत्या, नाक पुसत होत्या आणि परत हसत होत्या.

"घ्या मावशी, हा काउंटर. तुम्ही दाबा. लहान, मोठा, सगळे धरा."

सातही जागा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केल्या. मावशी मान तिरकी करून ऐकायची आणि जबाबदारीने बटन दाबायची, दोनदा दाबलं गेलं की लगेच सांगायची. शुभदा नुसती रेघा ताडून बघायची. त्रेपन्न. पहिल्या वर्षापेक्षा सात जास्त. शुभदाने आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली, मग आणखी एक रेघ मारली. असा आनंद तिला ऋचा झाली तेव्हा झाला होता, त्यानंतर नाही. आणि त्या आनंदाच्या मागे दबकत दबकत दुसरी गोष्ट उभी होती – चार वाजता काय बोलायचं?

फोनला रेंज यायची ती राईबाहेरच्या कातळावर. दोघी तिथे एका छत्रीखाली बसल्या. पडद्यावर समितीची माणसं चौकोनांत दाटीने मांडलेली, आणि संयोजक श्रद्धा, शुभदाचीच जुनी विद्यार्थिनी, एकेका बेडकाचा निकाल लावत चाललेली. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नाही, हे शुभदाला स्वच्छ दिसत होतं. तक्ता सुबक होता, आकड्यांचा उतार सुंदर होता, राईला आणि तिला, दोघींनाही 'संकटग्रस्त' या शब्दाने वजन आलं असतं. नऊ वर्षांतली पाच केराच्या टोपलीत घालायची, तीही सगळ्यांसमोर...

"मॅम, आता टिचकी," श्रद्धा म्हणाली. "संकटग्रस्त. सगळ्यांचं एकमत आहे. तुम्हाला काही जोडायचंय?"

"जोडायचं नाही. प्रस्ताव मागे घ्यायचाय. टिचकी कमी झालेली नाही. मला ऐकू येत नाही."

"मॅम, आवाज तुटतोय. परत बोलता का?"

हेही दोनदा सांगावं लागणार तर. शुभदा कातळावर उभी राहिली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "माझे कान गेलेत, श्रद्धा. बेडूक आहेत. आज त्रेपन्न मोजले, शालनमावशींनी. नाव लिहून घे, आडनाव दाभाडे."

चौकोनांतले तिघे-चौघे एकदम बोलायला लागले – मग जुने आकडे ग्राह्य धरायचे की नाही, राई एवढीशीच आहे तेव्हा धोका आहेच, की 'माहिती अपुरी' म्हणून ठेवायचं, पुढच्या बैठकीत बघू... शुभदाने उत्तरं दिली, जमतील तेवढी, आणि जी येत नव्हती ती येत नाहीत म्हणून सांगितलं. आबांनी असं कधी कबूल केलं नाही, आणि त्यांच्याबद्दल तिला या क्षणी फार माया वाटली.

"काय ठरलं?" फोन बंद झाल्यावर मावशीने विचारलं.

"काहीच नाही अजून."

"मग येवढं हसताय कशापाई?"

पुढच्या वर्षी तो पहिल्या जागेवरचा एकसुद्धा मला ऐकू येणार नाही, हे तिला कळत होतं, आणि त्याचं दुःख येणार होतं, घरी गेल्यावर, नाहीतर उद्या, येऊ दे. गेलं ते तिचं गेलं होतं, राईचं नव्हे. "मावशी, आत्ता बोलतायत का?"

"व्हय. लय."

"मग ऐका तुम्ही," शुभदा म्हणाली, आणि छत्री मिटून, धुक्यात भिजत, ऐकणाऱ्या शालनमावशीच्या चेहऱ्याकडे पोटभर बघत राहिली.