हेडिसला दिलेला मुलगा

माझ्या मुलाचं, फॉर्मिऑनचं जहाज बुडाल्याची खबर आली, तेव्हा मी रिकामी कबर बांधून घेतली, रीतीप्रमाणे त्याला तीनदा हाक मारली आणि पाताळाचा राजा हेडिस याच्या हवाली केलं. आज तोच दारात धडधाकट उभा!

"उंबरा ओलांडशील तर याद राख!" मी ओरडले. क्रियाकर्म झालेला माणूस आमच्यात पुन्हा जन्मल्याशिवाय घरात येत नाही.

मग अंगणातच त्याला न्हाऊ घातलं, बाळासारखं दुपट्यात गुंडाळलं आणि एवढा दाढीवाला घोडा मांडीवर घेतला.

"झाला ना जन्म? आता भाकरी दे, आई," तो खिदळत म्हणाला. सगळे हसले. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी सारखी दाराकडे जात होते, परत येत होते.

"अगं, आता काय? आलोय ना मी!"

"आलास रे बाबा. पण दर अमावास्येला मी तुझ्या नावानं त्या कबरीवर दूध-मध ओतते, आणि दर वेळी खालून 'आई' अशी हाक येते. आज अमावास्या आहे." मी दुधाचं भांडं उचललं. "कुणाचं पोर आहे कोण जाणे. उपाशी असेल."