गाभ्यातला मुरूम

लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, भाद्रपदात, आमच्या गावच्या पाझर तलावाच्या बांधातून पाणी निघतंय अशी तक्रार उदगीरच्या पाटबंधारे कार्यालयात आली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नांदेडच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो त्याला आठ महिने झाले होते. तलावाचा नकाशा शोधला, सापडला नाही. जुने कागद अजून उस्मानाबादेहून यायचे होते. साहेब म्हणाले, "गाव तुझंच आहे ना? जाऊन बघून ये."

गाव माझंच, देवणीपासून तीन कोसांवर. तलाव बहात्तरच्या दुष्काळात गावानंच बांधलेला, पोटासाठी. माझा बा, ग्यानोबा, त्या कामावर मुकादम होता. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण बाटलीत पाणी भरून वर बोटभर हवा ठेवायचा, ती आडवी धरायचा आणि बुडबुडा कुठं सरकतो ते बघून जमिनीचा उतार सांगायचा. ओव्हरसियरसुद्धा त्याला विचारल्याशिवाय दोरी लावत नसे. मी अभियंता झालो ते त्या बाटलीमुळं, असं मी पुष्कळांना सांगत आलोय.

माझी माय, सरजाबाई, त्याच कामावर टोपल्या वाहायची. बांधासाठी काळी माती खणायचा एक खड्डा होता. एका सकाळी त्याची दरड कोसळली. माय आणि तिच्याबरोबरची साखराबाई, दोघी खाली सापडल्या. साखराबाईला ओढून काढलं, ती जगली. मायला काढेपर्यंत उशीर झाला.

मी पोहोचलो तेव्हा बा बांधाच्या पायथ्याशी उभाच होता. मनगटाएवढी धार लागली होती. मी पेल्यात पाणी धरलं. बांधातून थोडं स्वच्छ पाणी झिरपलं तर लगेच भिण्याचं कारण नसतं. गढूळ आलं की समजायचं, पाणी बांधाला आतून पोखरतंय. पेल्याच्या तळाशी लालसर गाळ बसला. बानं तो बोटांत घेऊन चोळला आणि तिथंच खाली बसला.

"बा, काय झालं?"

"मुरूम हाय ह्यो. हितं गाभ्यात काळी माती न्हाई, भुजंगा."

मला कळेना. बांधाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, पाणी तोच अडवतो. मुरूम बाहेरून, वजनाला. हे तर मला त्यानंच लहानपणी शिकवलेलं.

"तुझी माय गेल्यावर तिसऱ्या दिवशी काम चालू झालं," तो म्हणाला. "काळी माती त्याच खड्ड्यात. बाया उतरंनात. मी कुण्या तोंडानं उतरा म्हणू? ओव्हरशेर दोन दिस आला न्हवता. पन्नास पावलं बांध मी मुरमानंच भरून घेतला. वरून काळ्या मातीचा थर दिला, दिसू न्हाई म्हणून."

अकरा वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच्याजवळ बसलो नाही. मला हिशेब दिसत होता: तलाव काठोकाठ, आभाळ भरलेलं, आणि बांधाखाली ओढ्याच्या कडेला बुद्धवाड्यातली तीस घरं. आमचंही त्यातच.

"पाणी उतरवावं लागंल," मी म्हणालो.

"सांडव्याच्या बाजूनं काढ. तिकडं खाली कातळ हाय, चर खोल जायचा न्हाई. बांधाला हात लावू नको."

मी उतार मोजायची लेव्हल लावून बघितली. जादा पाणी जायच्या वाटेवर, बरोबर तीच जागा होती.

धारेवर आधी वाळू, मग खडीचा थर दिला, माती वाहून जाऊ नये म्हणून. मग माणसं सांडव्याकडं न्यायला लागलो तेव्हा शेषेराव आडवे आले. त्यांची विहीर आणि ऊस त्या तलावावर होता. गावातल्या अर्ध्या विहिरी त्याच्यावर होत्या.

"काय करायलास भुजंग? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भरलाय."

"बांध फुटंल, काका."

"फुटंल तवा फुटंल. तुमचा वाडा खाली हाय म्हणून आमचं पाणी सोडून देतूस, असं म्हणू का मी?"

मी उत्तर देण्याआधीच बानं कुदळ उचलली आणि सांडव्यावर पहिला घाव घातला. त्याचं वय साठीच्या पुढं होतं. पाचवा-सहावा घाव त्याला उचलेना. तेव्हा लोक पुढं झाले. शेषेराव बाजूला सरकले, पण गेले नाहीत, बघत राहिले.

दुपारपर्यंत चर फुटला. पाणी ओढ्यात उतरलं, घरांच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि ओसरलं. दिवस मावळायच्या आत धार करंगळीएवढी झाली. बांध वाचला. तलावात कातळाच्या पातळीपर्यंतचं, गुडघाभर पाणी उरलं.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर अहवाल लिहायला बसलो. बा समोर येऊन बसला.

"माझं नाव लिव्ह."

"लिहिलं तर तुझ्यावर चौकशी लागंल, बा."

"लागू दे. कुणी केलं ते लिव्ह."

मी लिहिलं: 'दुष्काळी कामाच्या घाईत काही लांबीत गाभ्यासाठी मुरूम वापरला गेला असावा.' त्यानं वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं.

"घाई न्हवती," तो म्हणाला आणि उठून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. शेषेरावांचा ऊस वाळला. बाया दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या. मी उदगीरला असायचो. सुट्टीत गावी गेलो की बा विचारायचा, "दुरुस्तीची मंजुरी आली का?" मी नाही म्हणायचो. मग दुसरं बोलणं व्हायचं नाही. तो उन्हाळा सरताना, पावसाळ्याच्या तोंडावर, बा गेला.

माती देऊन परतताना शेषेराव माझ्याबरोबर चालत होते. मग म्हणाले, "तुझा बा उन्हाळ्यात घरोघर फिरत होता. ठाऊक हाय तुला?"

"न्हाई."

"प्रत्येकाच्या दारात उभा राहून सांगितलं, मुरूम मी टाकला, तुमचं पाणी माझ्यामुळं गेलं. माझ्याकडं बी आला. मी म्हणलो, ग्यानोबा, बस. त्या खड्ड्यात त्या दिसात मी बी कुणाला उतरवलं नसतं. बसला न्हाई. म्हणला, अजून चार घरं राहिलीत."

मी रस्त्यावरच थांबलो. शेषेराव थोडं पुढं जाऊन माझी वाट बघत उभे राहिले.

नंतर दुरुस्ती झाली. माझी बदली झाली होती, दुसऱ्या कुणीतरी ती करून घेतली, आणि चांगली करून घेतली. तलावात आता पाणी थांबतं. मी नोकरीत पुढं शेकडो अहवाल लिहिले. त्या एकाच अहवालात एक नाव लिहायला पाहिजे होतं. बा तेच मागत होता, आणि त्याला वाचवतोय असं मला वाटत होतं.