माहेरच्या नावाचा पेपर

मॅट्रिकच्या बीजगणिताची घंटा झाली, तेव्हा उंब्रजची विजयमाला कराडच्या परीक्षा केंद्रात केंद्रचालकांच्या टेबलापुढे उभी होती. तिच्या हॉल तिकिटावर नाव होतं साळूबाई आकाराम माने. पर्यवेक्षक नेमके तिच्या सासरगावचे निघाले आणि त्यांनी भर वर्गात तिला उठवलं होतं, "ही कसली साळू? ही सयाजी जाधवाची विजयमाला! दुसरीच्या नावावर बसलीय."

"शाळा लग्नाआधी सुटली, साहेब," ती केंद्रचालकांना म्हणाली. "दाखल्यावर माहेरचंच नाव हाय. बाहेरून बसायचं तर त्याच नावानं बसावं लागतंय."

फाटकापाशी थांबलेल्या नवऱ्याला आत बोलावलं गेलं. "बायकोचं नाव काय?"

"विजयमाला," सयाजी छाती काढून म्हणाला. "लग्नात मीच ठिवलंय, तांदळात लिवून."

पर्यवेक्षक हसले. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"आवं, त्याच्या आदी मी बिननावाची व्हते व्हय? लग्नपत्रिकेत काय छापलं व्हतं? सांगा की!"

सयाजीची मान खाली गेली. "साळू," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"साळूबाई. आकाराम मान्यांची."

केंद्रचालकांनी तिला वर्गात सोडलं. अर्धा तास बुडाला होता. "त्यो भरून कोण देणार?" तिनं पर्यवेक्षकांना विचारलं. त्यांनी उत्तरपत्रिका तिच्या पुढ्यात ठेवली.

उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचंच नव्हतं, नुसता नंबर. तो तिनं इतका दाबून लिहिला की पेनाची निब वाकली.