टकळीची साक्ष

रंगारणीने काठीने हौदातली लोकर उचलली, पिळली आणि दांडीवर टाकली. लाल पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. दारात दिवेवाले काका उभे होते. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच.

"उद्या तुम्ही यायलाच हवं, वहिनी," ते म्हणाले. "वर्ष झालं तिला. कबरीपाशी सगळी मंडळी जमणार. घरचंच कुणी नसलं तर बरं दिसत नाही."

"येईन की. माझी नणंद होती ती. पण तुमची गाणी, प्रार्थना मला येत नाहीत."

"नुसतं बसा. तिची गोष्ट मी सांगेन. तुम्ही फक्त मान डोलवा."

रंगारणीने दुसरी लड हौदात बुडवली आणि जरा जास्तच जोरात दाबली.

अख्खी आळी तिला वहिनी म्हणायची, ती या नणंदेमुळे. रंगारीण लग्न होऊन आली तेव्हा नणंद एवढीशी होती. सूत कातायला बसली की हातातली टकळी आणि तोंडाची टकळी एकदमच सुरू व्हायची, म्हणून पोरीचं नावच टकळी पडलं. सासू लवकर गेली. पोरीच्या वेण्या, ताप, रुसवेफुगवे, सगळं वहिनीनेच काढलं. मोठी झाल्यावर टकळी भट्टीवाल्यांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्ताच्या मंडळीत जाऊ लागली. वहिनीने हरकत घेतली नाही. "जाते तर जाऊ दे," ती नवऱ्याला म्हणायची, "तेवढाच माझ्या कानांना आराम."

मग हुकूम निघाला. प्रत्येकाने सम्राटाला देव मानून त्याच्या पुतळ्यापुढे निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकायचा, नाहीतर देहदंड. टकळीने टाकला नाही.

तिला मारल्यावर प्रेत वेशीबाहेर टाकून दिलं होतं. भाऊ हातपाय गाळून बसला, मंडळी घराघरांत दडली. वहिनी भर दुपारी हातगाडी ढकलत गेली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "माझ्या घरचं माणूस आहे, नेतेय." आणि तिने नेलं. रंगाऱ्यांच्या जागेत, कुंपणाच्या आत तिला पुरलं. तेव्हापासून तिथे माणसं येऊ लागली. कुणी फुलं ठेवी, कुणी आजारी मूल आणून कबरीच्या दगडावर त्याचा हात टेकवी. वहिनी त्यांच्यासाठी फाटक उघडं ठेवायची, पण स्वतः हात जोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा आवार भरलं होतं. तसाच हुकूम पुन्हा निघणार, अशी कुणकुण होती. माणसं एकमेकांना चिकटून बसली होती आणि फाटक जरा वाजलं की सगळ्यांच्या माना वळत होत्या.

काकांनी कबरीवर दिवा लावला आणि बोलायला सुरुवात केली. आवाज भारदस्त होता. टकळी हसत हसत मरणाला सामोरी गेली, ते सांगत होते. तिचा चेहरा उजळला होता. वाटेत ती मोठ्याने स्तोत्र गात होती. भय तिला शिवलंसुद्धा नाही. पाहणाऱ्यांचीच हृदयं कापली, तिचं नाही.

वहिनीच्या शेजारी भट्टीवाल्यांची नवी सून बसली होती. ती नवऱ्याच्या कानाशी लागली.

"आपल्याच्याने नाही व्हायचं असलं काही. मी यांच्यातली नाहीच. चला घरी."

तिने डोक्यावरून शाल ओढली आणि ती उठू लागली. वहिनी तिच्या खांद्यावर हात टेकून स्वतःच उभी राहिली.

"काका, थांबा जरा. असं नव्हतं झालं."

काका गडबडले. "वहिनी, आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. मी होते तिथे. ती घाबरली होती."

आता सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"कोठडीत गेले तेव्हा तिचे दात कडकडत होते. पोटात अन्न ठरत नव्हतं. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, वहिनी, मला फार भीती वाटते गं. मी म्हटलं, अगं मग टाक ना मेली ती चिमूट! मनात काय ठेवायचंय ते ठेव, कोण बघतंय? तर म्हणाली, भीती वाटते म्हणून खोटं बोलू? मी तिच्यावर ओरडले. हात जोडले. लहानपणी मारली नव्हती, ती थोबाडीत मारली." वहिनीने पदराने तोंड पुसलं. "नेलं तेव्हा तिचे पाय उचलत नव्हते. मी दंड धरून चालवलं. स्तोत्र कसलं, वाटभर परसातल्या कांद्यांबद्दल बोलत होती, की त्यांना आता पाणी तोडा, नाहीतर कुजतील. वेशीच्या फाटकाशी शिपायांनी मला मागे लोटलं. तिथून पुढे ती एकटी गेली. थरथरत गेली, पण गेली. सांगायचं तर हे सांगा."

ती खाली बसली. शेजारच्या सुनेने शाल सोडली आणि पुन्हा मांडी घातली.

लोक पांगल्यावर काका दिवा विझवायला वाकले. वहिनी वाळकी फुलं गोळा करत होती. आता हे बोल लावणार, असं तिला वाटलं. पण ते दिव्याशीच घोटाळत राहिले. वात काही चिमटीत येत नव्हती.

"पाय खरंच उचलत नव्हते तिचे?" त्यांनी खाली बघूनच विचारलं.

"नव्हते."

"मग चालली कशी?"

"सांगितलं ना, दंड धरला होता."

काकांनी मान हलवली. वहिनीने पुढे होऊन वात चिमटीत धरली आणि दिवा विझवला.

हुकूम त्याच आठवड्यात निघाला. शिपाई आळीत आले ते थेट काकांच्या दुकानापाशी. वहिनीने हातातली काठी हौदात तशीच सोडली. नवरा मागून म्हणाला, "अगं, तुझा काय संबंध? पुन्हा कशाला आगीत हात घालतेस?" ती ओल्या, लाल हातांनीच बाहेर पडली.

काका दुकानाच्या फळीला धरून उभे होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिने त्यांचा दंड धरला. एक शिपाई तिच्याकडे बघतच राहिला.

"तू कोण याची? तूही त्यांच्यातलीच का?"

"अजून तरी नाही," वहिनी म्हणाली. मग काकांकडे वळून हळूच म्हणाली, "सावकाश उतरा. ही पायरी उंच आहे."