मीठ नको, आमा

ये गं सई, अशी पुढं सरक. दार लोटून घे, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रॅक्टरची गाणी आत यायची नाहीत. मघाशी तू जाता जाता विचारलंस, "काकू, आम्ही दोघं कालिम्पोंगला निघालोय, तिकडं खरं नेपाळी जेवण कुठं जेवावं?" तुला वाटलं, काकू एका ओळीत पत्ता सांगेल. पण माझ्याकडं तो पत्ता नुसता नाही. बुवा उत्तररंगात आख्यान लावतात ना, तसं मला आधी आख्यान लावावं लागेल. मन लावून ऐक. असं आख्यान मी एवढी कीर्तनं ऐकली त्यात एकाही बुवांकडून ऐकलेलं नाही.

सणसरच्या कौसल्याबाई तुला आठवतात का? आपल्या देवळात कीर्तनाला येतात, पुढं बसतात आणि टाळ्या नेमक्या चुकीच्या ठेक्यात वाजवतात त्या. माहेर बावड्याचं. मालक सर्जेराव, ऊसवाले. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं रोखठोक. आमची ओळख कीर्तनातलीच. एकदा शेजारी बसल्या आणि भर अभंगात माझ्या कानात म्हणाल्या, "ताई, बुवांचा आवाज बसलाय, जरा खडीसाखर द्या की पाठवून." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

त्यांना एकच मुलगा, ऋषिराज. पोकलेन चालवायचा. तिकडं हिमालयात रस्त्याच्या कामावर होता, कालिम्पोंगला. दिवाळीला घरी आला. तिन्हीसांजेला बारामतीहून मोटरसायकलवर येताना रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा, ना लाल पट्टी. पुढचं मी सांगत नाही.

त्यानंतर कौसल्याबाईंना एकाच गोष्टीनं धरलं. पोरगा परमुलखात धड जेवत तरी होता का? फोनवर रोज विचारायच्या, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो की, आमाकडं. आईच्या हातचं असावं तसं." तेवढंच. आता तो नाही, तर त्यांना वाटायला लागलं की पोरगं आपल्याला बरं वाटावं म्हणून थाप मारत होतं. त्यातून तोही माळकरी. त्या थंडीत, मांस-मच्छीच्या मुलखात, याला कोण जेवू घालणार? कीर्तनाहून परतताना एसटी स्टँडवर मला म्हणाल्या, "ताई, माझं लेकरू उपाशी ऱ्हायलं आसंल तर मला सांगणारं बी कुणी न्हाय."

म्हणून दीडेक वर्षानं, गेल्या मार्चात, आम्ही चौघं गेलो. त्या, सर्जेराव, मी आणि तुझे काका. सहलवाल्यांबरोबर.

आता सहलवाले कसे असतात तुला ठाऊक आहे. आचारी आपला, मसाला आपला, श्रीखंडसुद्धा आपलं. समोर बर्फाचे डोंगर आणि ताटात मटकीची उसळ! तुझ्या काकांनी दोन दिवस ती खाल्ली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सर्जेराव, ही उसळ मला बारामतीत फुकट मिळते."

"मग चला की पंत, आपन आमा हुडकू," सर्जेराव म्हणाले. बायकोकडं न बघता म्हणाले. पण म्हणाले.

कालिम्पोंगच्या बाजारात आम्ही टॅक्सीवाल्याला विचारलं, "आमाचं हॉटेल कुठं आहे?" तो खो खो हसला. म्हणाला, कुठली आमा? इथं घराघरात आमा आहे. आमा म्हणजे आई! खाणावळ चालवणाऱ्या सगळ्याच बायकांना गिऱ्हाईक आमा म्हणतं.

कौसल्याबाईंचं तोंड पांढरं पडलं. एवढ्या लांब आलो आणि पत्ता काय, तर आई.

पण बाई हटली नाही. पहिल्या आमाकडं गेलो. तिनं वाफाळते वाडगे आणले, शेवया आणि भाज्यांचं पातळ. काकांनी नाव विचारलं. ती म्हणाली, "थुकपा."

सर्जेरावांनी चमचा खाली ठेवला. "नाव तरी बरं ठेवायचं, बाई."

"अहो, ते त्यांच्या भाषेतलं आहे," मी म्हटलं.

"आसंल. पर मी सणसरला जाऊन सांगू काय, काय खाल्लं म्हनून?"

तरी वाडगा पुसून खाल्ला. ऋषिराजचं नाव सांगितलं, फोटो दाखवला. आमानं नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या आमाकडंही तेच. तिथली तांदळाची गोड कडी, सेल रोटी म्हणतात, ती काकांनी कागदात बांधून घेतली. कौसल्याबाईंनी काही खाल्लं नाही. फोटो पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. मला आता भूक लागलीया. कुठं बी बसू. आता न्हाय विचारायचं कुणाला."

बाजाराच्या खालच्या उतारावर एक लाकडी खोली होती, आत दोन बाकं. पाटी नव्हती. म्हातारी बाई, कपाळावर सुरकुत्या, अंगात जाड स्वेटर, चुलीसमोर. आम्ही नुसतं "भात, साग, बिना मांस" असं हिंदीत सांगितलं. तिनं पितळी ताटं मांडली. भात, काळ्या उडदाची डाळ, पालेभाजी आणि एक आंबूस वासाची, वाळवलेल्या पाल्याची आमटी. गुंद्रुक. पाला आंबवून उन्हात वाळवतात आणि वर्षभर पुरवतात.

कौसल्याबाईंनी पहिला घास घेतला. म्हातारी वाकून, त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मीठो छ?"

कौसल्याबाईंनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "न्हाय, न्हाय. मीठ नको, आमा."

सई, म्हातारीच्या हातातला डाव खाली पडला.

दगडी फरशीवर तो वाजला, सगळ्यांनी मान वर केली. ती तशीच वाकलेली. तिनं हळूच कौसल्याबाईंची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडं वळवला आणि म्हणाली, "रिशी?"

ऐकलंस? आम्ही कुणीही नाव घेतलं नव्हतं. फोटो पिशवीतच होता.

ही त्याची आई, एवढं मी सांगितलं आणि ती हिंदीत सुटली. मोडकी हिंदी, पण कळत होती. मीठो म्हणजे चविष्ट. नेपाळी आया जेवताना विचारतात, छान झालंय ना? मिठाला ते नून म्हणतात. पहिल्या दिवशी एक उंच पोरगं आलं, तिनं विचारलं "मीठो छ?", तर त्यानं असाच हात आडवा धरला, असंच बोलला, "मीठ नको, आमा." तिला वाटलं, याला जेवण आवडलं नाही. ती रुसली. त्याला वाटलं, मीठ न घेतल्यानं रुसली, म्हणून त्यानं चिमूटभर घेतलं. दोघं हसत सुटली. मग रोजची थट्टा झाली. आत आला की दारातूनच ओरडायचा, "मीठ नको, आमा!"

तिनं आम्हाला चुलीमागची भिंत दाखवली. खिळ्याला एक छोटं पातेलं लटकत होतं, घासून लख्ख. ते रिशीचं. तो माळकरी, म्हणून त्याच्या पातेल्याला तिनं कधी मांसाचा चमचा लागू दिला नाही. अजूनही दुसऱ्या कुणासाठी त्यात काही शिजत नाही.

कौसल्याबाई त्या पातेल्याकडं बघत राहिल्या. सई, त्या बाईला जे हवं होतं ते भिंतीवर टांगलेलं होतं. लेकरू उपाशी नव्हतं. मी मनात पांडुरंगाला हात जोडले आणि वाटलं, झालं आख्यान.

झालं नव्हतं.

म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि खोटं खोटं रागावून म्हणाली, "त्याला सांगा, मी रागावलेय! तिहारला, म्हणजे तुमच्या दिवाळीला, घरी जातो म्हणाला, आईची शेंगदाण्याची चटणी घेऊन येतो म्हणाला. पुढचा तिहारसुद्धा गेला. फोन लावते तर बंद. लग्न केलं काय त्यानं? आमाला विसरला? कसा आहे तो?" आणि मग तिला आपली मराठी येते हे आम्हाला दाखवायला, मान डोलावत, अगदी सणसरच्या हेलात तिनं विचारलं, "बरा हाय?"

तिला माहीतच नव्हतं.

सर्जेराव उठले आणि बाहेर गेले. तुझे काका हिंदीत काहीतरी सुरू करायला लागले, "वो... माँजी..." आणि कौसल्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पुन्हा ताटातल्या भाताकडं वळले.

कौसल्याबाई हसल्या. त्या म्हणाल्या, "हाय. बरा हाय."

माळ गळ्यात असलेली ही बाई. बुवा सत्यावर बोलायला लागले की हीच पुढं बसून मान डोलावते. आणि आता? म्हातारीनं आनंदानं टाळी वाजवली, ताटात आणखी भात वाढला आणि बडबडत सुटली. रिशीनं एकदा चूल कशी विझवली, तो झोपेत कसा गाणी म्हणायचा. कौसल्याबाई एकेक शब्द पीत होत्या. "अजून काय करायचा?" विचारत होत्या. चुकलं माझं, करायचा नाही, करतो. "अजून काय करतो?"

त्या पोराचं नाव निघालं की सणसरमध्ये सगळे गप्प होतात. इथं कुणीतरी त्याला शिव्या देत होतं, तो जिवंत असल्यासारखा.

आम्ही बाहेर पडलो. उतारावर चार पावलं चढलो. कौसल्याबाई मध्येच थांबल्या. दम लागला असेल असं मला वाटलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर ती काय करंल?"

"काय करणार? वाट बघेल."

"व्हय. वाटच बघंल. रोज ते पातेलं घासंल." मग एकदम, "मी माझ्यासाठी तिला वाट बघायला लावली व्हय वो?"

सर्जेराव म्हणाले, "अगं, ऱ्हाऊ दे. म्हातारीला कशाला?"

"तुमी गप ऱ्हावा. तुमचं झालंय रडून. तिचं व्हायचंय."

आणि माघारी फिरल्या. मी मागं धावले. म्हातारी ताटं उचलत होती. आम्हाला बघून खूश झाली, काहीतरी विसरलं असेल म्हणून बाकाखाली बघायला लागली. कौसल्याबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, राखेनं माखलेले.

"आमा," त्या म्हणाल्या, "ऋषी न्हाय."

म्हातारी हसली. "न्हाय आला?"

"न्हाय. कुठंच न्हाय."

आपले मोजके चार शब्द त्या पोरानं तिला शिकवले होते गं, त्यात हाय आणि न्हाय. भात हाय? न्हाय? एवढ्यापुरते. ते शब्द असे लागतील हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं. दुभाष्याची गरजच पडली नाही. म्हातारीच्या चेहऱ्यावर तो शब्द पोचताना मी बघितला. ती रडली नाही. आधी तिनं कौसल्याबाईंच्या गळ्यातली माळ बघितली, मग चुलीमागची भिंत. मग खाली बसली, जमिनीवरच. कौसल्याबाई तिच्या शेजारी बसल्या. दोघी मांडीला मांडी लावून. मला आत जाता येईना आणि बाहेरही.

शेवटी म्हातारी उठली, ते पातेलं खिळ्यावरून काढलं आणि त्यात थोडे तांदूळ टाकले, पाणी ओतलं. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण तिनं शिजलेला भात एका ताटात काढला आणि कौसल्याबाईंपुढं ठेवला. दुसरं ताट नाही. एकाच ताटात दोघी.

कौसल्याबाईंनी पिशवीत हात घातला. आपल्याकडची बाई परगावी निघाली की पिशवीत काय असतं? शेंगदाण्याची चटणी. सहलवाल्यांच्या उसळीला चव आणायला घेतलेली. त्यांनी डबी उघडली आणि भाताच्या कडेला चमचाभर वाढली.

म्हातारीनं बोटावर घेतली. चाखली. डोळे मिटले. म्हणाली, "मीठो."

"व्हय," कौसल्याबाई म्हणाल्या, "मीठ जरा जास्तीच पडलंय."

आता त्या खरंच चुकल्या की मुद्दाम बोलल्या, ते मी अजून विचारलेलं नाही. पण म्हातारीनं तोंडावर पदर घेतला, आणि मला आधी वाटलं हसतीय. हसतच होती. मग कधी रडायला लागली ते कळलं नाही.

झालं, सई. आता तुझा पत्ता. बाजाराच्या खालच्या उतारावर, पाटी नसलेली लाकडी खोली. गुंद्रुक माग, नाक मुरडू नकोस. सोबत चटणी न्यायची, कौसल्याबाईंची डबी मी देईन. भिंतीवर खिळा आहे, पातेलं आहे का बघ आणि मला येऊन सांग.

आणि एक कर. आपल्याकडं पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढतात. तिथं काय, इथं काय, ताटात मीठ पडलं की एक क्षण थांब आणि सणसरच्या ऋषिराजची आठवण काढ.