बांधावरची केबल

पंचवीस दिवस सुरळीत गेले की माणूस सैल पडतो. शरयूही पडली होती. सव्विसाव्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांसाठी पोहे मागवले, आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच भिंतीवरच्या पडद्यावरची जालना ते मंठा ही रेघ हिरव्याची लाल झाली. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पोहे तसेच राहिले.

ही रेघ म्हणजे नक्की काय, ते सांगायला हवं. शरयू गेली तीन वर्षं जालन्यातल्या शेठलोकांना तेच सांगत फिरत होती आणि निम्म्यांना अजून कळलं नव्हतं. घरातलं इंटरनेट म्हणजे सगळ्या गल्लीत मिळून एक नळ. शेजाऱ्याने बादली लावली की आपली धार बारीक. तिची कंपनी विकत होती ती वस्तू वेगळी. कागदावर तिचं नाव कॅरियर इथरनेट. एका गिऱ्हाइकाच्या दोन ठिकाणांमध्ये फक्त त्याच्यासाठी राखलेली वाट, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा पाय पडायचा नाही. मधे साठ किलोमीटर असले तरी दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकाच खोलीत बसल्यासारखे बोलतात. स्टीलच्या एका शेठजींनी हे सगळं अर्धा तास मान डोलवत ऐकून घेतलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, "मंग यात क्रिकेट बराबर दिसतं का?"

बियाणे कंपनीचे गिरिधर सर मात्र पहिल्या पाच मिनिटांत मुद्द्यावर आले होते. कंपनीचं सगळं नेटवर्क ते सांभाळत. जिल्ह्यात त्यांची अकरा केंद्रं होती आणि पेरणीच्या तोंडावर मंठ्याच्या गोदामातून एक ट्रक सोडायचा म्हटलं तरी लॉटची मंजुरी जालन्याहून जावी लागे. लाइन पडली की ट्रक जागच्या जागी उभे. त्यांची जुनी लाइन एका बड्या कंपनीची होती. वर्षातून सात-आठ वेळा तुटायची, आणि प्रत्येक वेळी अहवालात एकच वाक्य यायचं: रस्त्याच्या कामामुळे केबल तुटली.

"महिनाभर चालवून दाखवा," गिरिधर सर म्हणाले होते. "सगळी मिळून चार तासांच्या वर बंद राहिली तर विषय संपला. आणि तुटलीच, तर का तुटली ते मला पटलं पाहिजे. पुन्हा तुटणार नाही असं पटलं तर अकराही केंद्रं तुमची."

ही केंद्रं मिळाली नाहीत तर कंपनी विकायची, हे शरयू आणि तिचा भागीदार वरद यांच्यात ठरलं होतं. घेणारे तयारच होते. त्यांना जमिनीखालची केबल हवी होती, माणसं नको होती. म्हणजे भुजंग आणि त्याच्या हाताखालचे सहा जण घरी बसणार. शरयूला पुण्यात नोकरी मिळाली असती. कोरडवाहू शिवारातून सायकलवर येऊन फायबर जोडायला शिकलेल्या या माणसांना कोण विचारणार होतं? ह्या विचाराने तिचा जीव महिनाभर टांगणीला लागला होता.

केबल कुठे तुटली ते सांगणारं यंत्र असतं. त्याने अठ्ठेचाळिसावा किलोमीटर दाखवला. भुजंगने जीप काढली, मागे जोडणीचं मशीन टाकलं आणि गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली तरी त्याचा त्या आकड्यावर विश्वास बसेना.

"ताई, हे होऊच शकत न्हाई," तो म्हणाला. "तिथं रोडच्या कडंला जागा नव्हती म्हणून मी सवता लोकांना इचारून बांधाबांधानं केबल नेल्ती. तीन वर्षं झाली, त्या पट्ट्यात एकदा बी कट न्हाई. बाकी रस्ता बघा, दर दोन महिन्याला कुनी ना कुनी खांदून राह्यलंय."

"मग तिथेच का तुटत नाही?"

"आता तेवढं मला काय म्हाइत?" भुजंग म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.

बारा वाजता ते पोचले. रस्ता सोडून जीप शेतांमधल्या पांदीला लागली, पुढे पायी जावं लागलं. उन्हाने ढेकळं तापली होती. नांगरून पडलेल्या दोन शेतांच्या मधल्या बांधावर साठीची एक बाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती आणि दोन गडी गुडघाभर खड्ड्यात उतरून आणखी खाली खणत होते. शेजारी सिमेंटची चार पोती, विटांचा ढीग. आणि खड्ड्याच्या काठावर, झेंडूची माळ घातलेला, शेंदराने माखलेला, समोर नारळाच्या करवंट्या पडलेला एक हातभर दगड.

खड्ड्याच्या भिंतीतून काळ्या केबलची दोन टोकं लोंबत होती.

भुजंगने आधी केबलकडे पाहिलं, मग दगडाकडे, आणि तो शरयूच्या कानाशी आला. "ताई," तो हळूच म्हणाला, "देव न्हाई तो. आपला दगड हाय."

शरयूला सगळं एका दमात आठवलं. केबल जाते त्या वाटेवर खुणेचे दगड रोवतात. ते लांबून दिसावेत म्हणून तिनेच भगव्या रंगात रंगवून घेतले होते. त्यांवर 'खाली केबल आहे, खोदू नये' अशी अक्षरं यायची होती; पण पेंटर लग्नसराईत गावी गेला तो आलाच नाही. "लावा तसेच, अक्षरं नंतर घालू," असं तीच म्हणाली होती. आणि मराठवाड्यात बांधावर कोरा भगवा दगड उभा करून वर 'नंतर' म्हणणारी माणसं शहाणी कशी म्हणायची?

"मावशी," ती बाईजवळ गेली, "हा दगड देव नाही हो. आमची खूण आहे. याच्याखाली आमची केबल होती, ती आता तुटली."

बाईचं नाव तुळजाबाई. तिने शरयूला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं, गड्यांना पाणी प्यायला विहिरीवर पिटाळलं आणि ते लांब गेल्यावर शांतपणे म्हणाली, "ठावं हाय मला."

"काय?"

"तुझ्या ह्या मान्सानं दगड रोवला तवा मी हितंच निंदून राह्यले होते. केबलची खून हाय म्हनून त्यानंच सांगितलं मला."

भुजंग खजील होऊन मान खाजवायला लागला. "सांगितलं असंल, ताई," तो पुटपुटला.

"मग शेंदूर?"

"मालक गेले तवापासून शेजारचा दर साली नांगरताना बांध कोरतो," तुळजाबाई म्हणाली. "एका साली ईतभर, दुसऱ्या साली आनखी ईतभर. सातबारा अजून मालकाच्याच नावावर हाय, त्याच्यामुळं हाफिसात मला कुनी उभं करीत न्हाई. मोजनी करून घे म्हनतात. मोजनीचा खर्चा कोन करील? तेवढ्यात तुझा दगड आला. भगवा, कोरा. म्या म्हनलं, हे बेस हाय. सोमवार बघून शेंदूर लावला, नारळ फोडला. त्या दिसापासून फाळ इकडं फिरकला न्हाई. वरच्या अंगाला उषाबाईनं लावलाय, खालच्या वस्तीवर गोजरबाईनं. तिघी बी एकट्याच आम्ही."

तीन वर्षं ती गिऱ्हाइकांना सांगत होती की आमची केबल चांगल्या दर्जाची आहे, खोल पुरलेली आहे, म्हणून टिकते. हा पट्टा टिकला होता तो या तिघींनी तिथे कुणाला कुदळ मारू दिली नाही म्हणून. तिला लाज वाटली, आणि त्याच वेळी त्या बाईचं असं कौतुक वाटलं की तिला मिठी मारावी.

"मग आता या विटा, हे सिमेंट कशाला?" तिने विचारलं.

"शेजाऱ्याच्या पोरानं नवा ट्रॅक्टर आनलाय. त्याला देवाचं भय न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "सिमिटाचा ओटा असला म्हंजे फाळ मोडंल, तेवढं तरी भय राहील. केबल कडंला असंल म्हनून मी मधी खांदायला लावलं. माझं चुकलं."

"तुमचं नाही चुकलं, मावशी."

भुजंग एव्हाना खड्ड्यात उतरला होता. छत्रीच्या सावलीत मशीन मांडून, केसाएवढी एकेक तार पुसून तो जोडायला बसला. तुळजाबाईचे गडी परत आले आणि त्याने सांगितलं तशी माती मोकळी करून दिली. केबलला ओट्याच्या बाहेरून वळसा द्यायचं ठरलं. एक वाजून पंचवीस मिनिटांनी जालन्याहून फोन आला, रेघ हिरवी झाली होती. पावणेतीन तास गेले होते.

परतीच्या वाटेवर वरदचा फोन आला. तो आनंदात होता. "वेळेत झालं! आता अहवालात लिही, रस्त्याचं काम. सगळे तेच लिहितात."

"तिथे रस्ताच नाही वरद."

"त्यांना कुठे माहितीये? शरयू, दगडांवर अक्षरं नाहीत असं लिहिलंस तर तो माणूस विचारेल, बाकीच्या दगडांचं काय. आणि बाकीचेही कोरेच आहेत. सही हातची जाईल."

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. शरयूने फोन ठेवला. शेजारी भुजंग गाडी चालवत होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. "माझ्याकडं बघून लिहू नका ताई," तो म्हणाला. "मी कुठं बी वायरिंग करून खाईन." हे तो तिला बरं वाटावं म्हणून बोलत होता आणि ते दोघांनाही कळत होतं.

तिने खरं लिहिलं. खुणेचे दगड आम्ही अक्षरांशिवाय रोवले, त्यामुळे एकाचा देव झाला, त्याच्या ओट्यासाठी खोदाई झाली, चूक आमची. सगळे दगड पंधरा दिवसांत लिहून घेऊ. खाली सही केली आणि पाठवून दिलं. मग रिकाम्या पोटी बसून राहिली. गिरिधर सरांचं उत्तर संध्याकाळी आलं, एका ओळीचं: उद्या सकाळी गाडी काढा, मला ती जागा बघायची आहे.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात गिरिधर सर बांधावर उभे राहिले. ओट्याचा पहिला थर बसला होता. शरयूने तुळजाबाईला बाजूला घेऊन विचारलं, सरांना सगळं सांगू का? तुळजाबाईने सरांना न्याहाळलं. "सायबाला सांग," ती म्हणाली. "गावात बोलू नको."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसले नाहीत.

"पण मॅडम, अक्षरं तर घालावीच लागतील," ते म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय तसं."

"बाकी सगळ्या दगडांवर घालते सर. 'सगळे' लिहिलं ती माझी घाई झाली. या तीन दगडांवर नाही घालणार." आपला आवाज चढलाय हे शरयूला कळलं, पण ती थांबली नाही. "इथे अक्षरं आली की हा दगड केबलचा होईल आणि पुढच्या नांगरटीला यांचा बांध जाईल. त्यावर तुमची सही अडत असेल तर अडू द्या."

मागे वरद असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. सर तुळजाबाईकडे वळले.

"मावशी, पुन्हा कुणी इथं खांदलं तर?"

"माझ्याबिगर कोन खांदील? मी रोज हितं येते. उषाबाई तिकडं येते, गोजरबाई तिकडं. कुनी कुदळ घेऊन आला की हिला फोन करायचा, एवढंच ना? नंबर देऊन ठिवा."

गिरिधर सरांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरले. करार त्यांनी सोबतच आणला होता, हे शरयूला तेव्हा कळलं. त्यांनी पानं उलटून एका चौकटीवर बोट ठेवलं. लाइन बिघडली तर प्रथम कुणाशी बोलायचं, त्याची ती यादी होती.

"बड्या कंपनीने इथे तीन राज्यांतले तीन नंबर दिले होते," ते म्हणाले. "एकानेही कधी सांगितलं नाही की खरं काय झालं. मंठा लाइनसाठी मी या तिघींची नावं लिहितो. अकरा केंद्रांना अशी माणसं शोधून देणार असाल तर महिना संपायची वाट न बघता मी सही करतो."

"देते सर," शरयू म्हणाली. तिला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते. भुजंग उगाचच टायर तपासायला जीपच्या पलीकडे गेला.

सरांनी पेन उघडलं. तुळजाबाईचं नाव लिहिलं, तिने सांगितलेला फोन नंबर लिहिला. तिसऱ्या रकान्यापाशी थांबले.

"मावशी, हुद्दा काय लिहू?"

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही इथल्या कोण?"

तुळजाबाईने पदर सारखा केला आणि बॉनेटजवळ येऊन कागद नीट पाहिला. "लिवा," ती म्हणाली, "बांधाची मालकीन."

सरांनी तसंच लिहिलं. तिने त्या शब्दांवरून हलकेच बोट फिरवलं, शाई पुसणार नाही इतपत, आणि विचारलं, "ह्याच्यावर शिक्का असतो ना सायब? मंग मारा की. बराबर हितं, माझ्या नावावर."